रेशमाचें सोवळें

आमच्या घरीं एक जुना मुकटा आहे. तो आजोबांचा. त्यांच्यामागून वडिलांकडे आला आणि आतां देवघरांतल्या दांडीवरून आमच्या वांट्यास आला आहे. गौरीगणपतीच्या दिवसांत तो खालीं उतरतो, दोन दिवस उन्हांत पडतो, आणि नैवेद्य होईपर्यंत घरच्या कर्त्या माणसाला शिवाशिवीच्या कक्षेबाहेर उभें करतो. लहानपणीं आम्हांला त्याविषयीं एकच गोष्ट ठाऊक होती : त्याला हात लावावयाचा नाहीं. घरांतील सगळ्या वस्त्रांत शुद्ध तें हें, म्हणून देवाजवळ जाण्याचा अधिकार ह्याला. सुती धोतर बिचारें रोज धुतल्यावांचून देवघराच्या उंबरठ्याआंत येऊं शकत नसे. हें शुद्ध वस्त्र ज्याच्या लाळेचें होतें, तो जीव त्याच कामीं वाफेंत किंवा कढत पाण्यांत मरतो, ही गोष्ट आम्हांला कोणीं सांगितली नाहीं. आणि कोणी सांगूं लागता तर आजीनें ती ऐकून घेतली असती असें वाटत नाहीं. पुढें पुस्तकांतून ती समजली. पण पुस्तकांतली गोष्ट पुष्कळदां पुस्तकांतच राहते. ती समोर उभी राहिली गेल्या मार्गशीर्षांत, पन्हाळ्याच्या पायथ्याशीं.

पन्हाळ्यास आम्ही कांहीं रेशीम पाहण्यासाठीं गेलों नव्हतों. कोल्हापुराहून वीस किलोमीटरांवरचा हा गड मराठी वाचकाला सांगावा लागत नाहीं. शिलाहार दुसऱ्या भोजाची येथें राजधानी होती; १६६० सालीं सिद्दी जौहराच्या वेढ्यांतून शिवाजी महाराज येथूनच विशाळगडाकडे निघाले; १७८२ पर्यंत करवीर राज्याची गादी येथेंच होती. तीन दरवाजा पहावा, अंबरखान्याच्या थंडगार कोठ्यांत शिरून आपलाच आवाज ऐकावा, सज्जाकोठीवरून खालच्या दरींत नजर टाकावी, हा नेहमींचा बेत. उतरतांना पायथ्याच्या एका वाडींत स्नेह्यांच्या नातलगाकडे जेवण ठरलें होतें. घरधनी शेतकरी, आम्ही त्यांना पाटील म्हणतों. गळ्यांत तुळशीची माळ, त्यामुळें घरांत मांसमच्छर वर्ज्य. घराभोंवतीं चोहोंकडे ऊस, आणि उसाच्या मधोमध कमरेएवढ्या झुडपांचा एक हिरवागार चौकोन. ती तुती होती. तिच्या कडेला पत्र्याच्या छपराची, जाळीच्या खिडक्यांची एक लांबट शेड. तिच्यांत पाऊल टाकतांच आम्हांला पावसाचा आवाज ऐकूं आला. बाहेर तर आभाळ स्वच्छ होतें. पाटील हंसले. "खायाला लागल्यात बघा," ते म्हणाले. हजारों पांढुरक्या अळ्या तुतीच्या फांद्यांवर पाला खात होत्या, आणि पावसाची ती सर त्यांच्या जबड्यांची होती.

ह्या अळीचें आयुष्य पाटलांनीं आम्हांला पानें मांडलीं जाईपर्यंत समजावून सांगितलें. अंडीपुंज आणावयाचे. त्यांतून निघणाऱ्या अळ्यांचें बाळपण, ज्याला ते चॉकी म्हणतात, तान्ह्या मुलासारखें जपावयाचें. सुमारें पंचवीस दिवसांत अळी चार वेळां कात टाकते, आणि जन्माच्या वेळच्या वजनाच्या दहा हजारपटींच्या घरांत जाऊन पोंचते. मग एके दिवशीं तिचें खाणें सुटतें, अंग पिवळसर होतें, मान वर करून ती जागा शोधूं लागते. तेव्हां तिला चंद्रिकेवर घालावयाचें. तेथें ती दोन-तीन दिवस डोकें सारखें डोलवीत आपल्याभोंवतीं घर बांधते. हें सगळें घर एका अखंड तंतूचें; चांगल्या जातीच्या कोषांत त्याची लांबी हजार मीटरांच्या आगेमागें भरते. आंत अळीचें रूपांतर होतें, आणि दहा-बारा दिवसांनीं एक पांढरें पाखरूं तोंडांतल्या द्रवानें कोषाचें एक टोक मऊ करून बाहेर येतें. परंतु तें येण्याच्या आंत कोष बाजारांत गेलेला असावा लागतो. पूर्वीं कर्नाटकांतल्या रामनगरावांचून गत्यंतर नव्हतें. २०१८ पासून जालन्यासहि कोषांची बाजारपेठ आहे. तेथून पुढें वाफ किंवा गरम हवा देऊन आंतला जीव मारतात, कोष कढत पाण्यांत शिजवितात, आणि मऊ झालेल्या डिंकांतून तंतूचें टोक उचलून पांच-सात कोषांचे तंतु एकत्र ओढून घेतात.

"आणि पाखरूं बाहेर आलें तर?" आम्हीं विचारलें.

"तर कोष मातीमोल झाला बघा."

मातीमोल ह्यासाठीं कीं भोंक पडलेल्या कोषाचा तंतु सलग उलगडत नाहीं. जागोजाग तुटतो, आणि ज्या एका गुणासाठीं रेशमाला रेशमाची किंमत येते तो गुणच जातो. सारा प्रश्न ह्या एका भोंकाचा आहे.

एका साडीपायीं पन्नास हजार किडे मरतात असा आंकडा पुष्कळ ठिकाणीं वाचावयास मिळतो. तो आम्हांला फुगलेला दिसतो. पाटलांनीं दिलेल्या हिशेबानें, आणि तो इतरत्र छापलेल्या हिशेबांशीं जुळतो, किलोभर कोषांत पांचशें ते सहाशें नग बसतात, व सात किलोंच्या आसपास कोषांतून किलोभर कच्चें रेशीम निघतें. म्हणजे अर्ध्या किलो रेशमाच्या साडीला दोन हजारांच्या आगेमागें जीव. जो मनुष्य जीवदयेची बाजू मांडतो त्यानें गणितांत तरी दया दाखवूं नये. दोन हजार हा आंकडा लहान नाहीं, आणि त्याला पंचवीसपट केल्यानें तो अधिक खरा होत नाहीं.

हा विचार आजकालच्या हळव्या मनांतून निघालेला आहे, असें पुष्कळांस वाटतें. वस्तुतः तो रेशमाइतकाच जुना आहे. पाणिनीनें कोशापासून कौशेय शब्द साधण्याकरितां स्वतंत्र सूत्र केलें. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत कौशेय, चीनपट्ट आणि पत्रोर्ण, म्हणजे पानांवरची जणूं लोकर, हीं तिन्ही येतात. तेव्हां वस्त्र कशाचें होतें हें लोकांना चांगलें ठाऊक होतें. पाली विनयपिटकांत तर ह्याविषयीं एक प्रसंगच आहे. आळवी येथें कांहीं भिक्षु रेशीम करणाऱ्यांकडे गेले, आणि आम्हांला आंथरुणें करावयाचीं आहेत, तेव्हां आमच्यासाठीं पुष्कळ कोष उकळा, असें म्हणूं लागले. कारागीर चिडले. आम्ही बायकामुलांच्या पोटासाठीं हे लहान जीव मारतों, हेंच आमचें केवढें दुर्दैव. आणि हे श्रमण आम्हांला तेंच करावयास सांगतात, अशी त्यांनीं निंदा केली. ती बुद्धाच्या कानांवर गेली, आणि रेशीम घातलेलें आंथरूण करवून घेणाऱ्या भिक्षूला दोषी ठरविणारा नियम झाला. गंमत अशी कीं भिक्षूंच्या चीवराला जीं सहा प्रकारचीं वस्त्रें चालतात त्यांत कौशेय आहेच. कोणीं दिलें तर घ्यावें, मागून करवूं नये, असा हा तोडगा. त्या कथेंत आम्हांला सर्वांत थोर वाटतात ते भिक्षु नव्हेत, कारागीर होत. आपण काय करतों हें ते एकटेच मोकळेपणीं बोलले.

त्या तोडग्यावर पुढें चीनांत वाद माजला. सातव्या शतकांत दाओश्वान नांवाच्या विनयपंडितानें भिक्षूंनीं रेशीम अजिबात वापरूं नये असा आग्रह धरला. त्याच शतकाच्या उत्तरार्धांत हिंदुस्थानांत राहून गेलेल्या इत्सिंगाला हा आग्रह अतिरेकी वाटला. इतकें बारीक पाहूं गेल्यास अन्नवस्त्र कांहींच घेतां येणार नाहीं, असा त्याच्या म्हणण्याचा रोख होता. दोघेहि प्रामाणिक होते. आज ह्या विषयावर जें बोललें जातें त्यांतलें फारच थोडें ह्या दोघांच्या पुढें गेलेलें आहे.

आमच्या बाजूस मात्र वाद झाला नाहीं, सोवळें झालें. मनुस्मृतींत कौशेय व लोकर यांची शुद्धि खाऱ्या मातीनें करावी असें सांगितलें आहे. मळ कसा काढावा एवढाच तेथें प्रश्न. अध्यात्मग्रंथांनीं कोशकार कीटकाचा दृष्टान्त तर घांसून गुळगुळीत केला : जीव आपल्याच कर्माच्या धाग्यांनीं आपणांस कोंडून घेतो आणि त्यांतच नाश पावतो, तसा हा किडा. हा दृष्टान्त वाचतांना आम्हांला नेहमीं थोडें हंसूं येतें. किडा आपल्या घरांत कोंडून मरत नाहीं. त्याला बाहेर पडण्याची विद्या पुरती अवगत आहे. त्याला मारतो तो दृष्टान्त सांगणाऱ्याच्या अंगावरचें वस्त्र विणविणारा.

मग रेशमाला सोवळेपण कोठून आलें? आमचा तर्क गद्य आहे. सुती वस्त्र घाम धरतें, म्हणून तें रोज धुवून, कोणाचा स्पर्श होणार नाहीं अशा उंच दांडीवर काठीनें वाळत घालावें लागे. रेशीम व धाबळी यांना ही रोजची धुलाई लागत नाहीं. पावसाळ्यांत, जेव्हां ओलें धोतर दोन-दोन दिवस वाळत नाहीं आणि देवपूजा तर चुकवितां येत नाहीं, तेव्हां कद किंवा मुकटा नेसून मोकळें होणें किती सोयीचें! सोय परंपरेंत गेली म्हणजे तिचें शास्त्र होतें. आज नवरात्रांत तिरुपति देवस्थानाकडून कोल्हापूरच्या अंबाबाईला शालू येतो, भाविक स्त्रिया आपापल्या ऐपतीप्रमाणें तिला रेशमी साड्या वाहतात, आणि त्या भक्तींत कोणालाहि कढत्या पाण्याची आठवण होत नाहीं. रंगाचेंहि असेंच. किरमिजी हा शब्द ज्या फारसी-अरबी शब्दांतून आपल्याकडे आला त्याचा अर्थच किड्याशीं निगडित आहे, आणि आपला कृमि त्याचा दूरचा भाऊबंद. जैन आचार्यांनीं श्रावकाला निषिद्ध ठरविलेल्या पंधरा धंद्यांत लाखेचा व्यापार घातला तो उगाच नव्हे. कोल्हापूर भागांत दिगंबर जैन समाज मोठा, आणि तो मुख्यतः शेती करणारा. पायाखालच्या मुंगीचा विचार करणाऱ्या त्या घरांत रेशमाविषयीं जी चर्चा होते ती आमच्या घरांतल्यापेक्षां पुष्कळ जुनी व पुष्कळ सरळ आहे.

दख्खनला स्वतःचें एक रेशीम होतें, हें मात्र आपण विसरलों आहों. तें तुतीचें नव्हे, रानांतलें. कर्नल साइक्स, ज्यानें इंग्रजी अंमलाच्या आरंभीं मुंबई सरकारसाठीं दख्खनची पाहणी केली, त्यानें येथल्या एका रानटी रेशीमकिड्यावर निबंध लिहिला. तो लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीनें १८३४ च्या सुमारास छापला. 'कोलिसुरा' असें त्यानें त्याचें स्थानिक नांव उतरवून घेतलें आहे. हाच टसर, विदर्भांतला कोसा. ऐनाच्या झाडाला देंठानें लोंबणारा, सुपारीहून मोठा, लांकडासारखा कठीण असा हा कोसला सह्याद्रीच्या रानांत अजूनहि दृष्टीस पडतो. ह्या कोसल्याचें मराठे काय करीत, हें साइक्सनें लिहून ठेवलें आहे. ते त्याचा तंतु ओढीत नसत. कोसला गोल गोल कापून त्याची लांब वादी काढीत, आणि तोड्याच्या बंदुकीची नळी लांकडी दस्त्याला त्या वादीनें आंवळीत. चामड्यापेक्षां ती अधिक टिके.

हें वाचून आम्ही बराच वेळ थांबलों. ज्या रेशमाच्या मृदुपणाचीं वर्णनें करतां करतां कवि दमले, तें येथें बंदुकीच्या कामीं लागलें. आणि ह्या ओबडधोबड उपयोगाला किडा मारण्याची गरजच नव्हती! वादीला अखंड तंतु नको, नुसती साल हवी. पाखरूं उडून गेल्यावर झाडाला राहिलेला रिकामा कोसलाहि त्याला चालण्यासारखा होता. रेशमाचा असा वापर कोणीं दयेनें शोधून काढला नाहीं. तो आपोआप झाला होता. मराठ्यांच्या शस्त्रागारांतली ही बहुधा सर्वांत निरुपद्रवी वस्तु असावी.

इंग्रजांना अर्थातच वादी नको होती, सूत हवें होतें. एकोणिसाव्या शतकाच्या चौथ्या दशकांत पुण्याजवळ मुत्ती नांवाच्या इटालियन गृहस्थानें सरकारी पाठिंब्यानें तुतीची लागवड केली. ती टिकली नाहीं. १८७० नंतर मेजर कूसमेकर ह्यानें पुण्यास टसरचा किडा माणसाळविण्याचा प्रयत्न वर्षानुवर्षें केला. तोहि फसला. तुतीचा किडा हजारों वर्षांच्या पाळणुकीनें मनुष्याच्या हातचें बाहुलें झालेला. टसरचा किडा अजून रानचा. कोंडला कीं तो रोडावतो. विदर्भांत भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली ह्या भागांतल्या ढिवरांनीं त्याला कोंडलेंच नाहीं. ऐन-अर्जुनाच्या उभ्या झाडांवर ते अळ्या सोडतात, आणि पांखरांपासून, मुंग्यांपासून त्यांची राखण करीत रानांत राहतात. मध्य हिंदुस्थानांतल्या टसर पाळणाऱ्या जमातींत ह्या दिवसांत मांस न खाण्याचे, व्रतस्थ राहण्याचे नियम पाळीत. झाड तोडावयाचें नाहीं, नांगर घालावयाचा नाहीं, औषध फवारावयाचें नाहीं. रान राहिलें तर कोसा राहणार. करवतीच्या दांत्यांसारख्या किनारीची करवतकाठी साडी ह्याच कोशांची. रानाच्या दृष्टीनें पाहतां ह्याहून निर्मळ धंदा सांपडणें कठीण. पण येथेंहि शेवटीं कोसा उकळतातच. रानाला अभय आणि किड्याला मरण, अशी ही वांटणी आहे. तिचा उल्लेख केल्यावांचून नुसतें रानाचें कौतुक करणें आम्हांला प्रशस्त वाटत नाहीं.

किड्यालाहि अभय देण्याचा पद्धतशीर प्रयत्न झाला तो गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकांत, हैदराबादेस. कुसुम राजय्या हे आंध्र प्रदेशाच्या हातमाग विणकर सहकारी संस्थेंत नोकरीस होते. त्या वेळच्या राष्ट्रपतींच्या पत्नी जानकी वेंकटरामन यांनीं किडे न मारतां केलेली रेशमी साडी मिळेल काय, असें विचारलें, आणि तो प्रश्न राजय्यांनीं मनावर घेतला. कोषांतून पाखरें निघूं द्यावयाचीं, मागें राहिलेल्या भोंकाच्या कोषांतला डिंक काढावयाचा, आणि तंतु ओढण्याऐवजीं कापसासारखा कांतावयाचा. अहिंसा रेशीम म्हणून हें वस्त्र आज प्रसिद्ध आहे. त्याला रेशमाची नेहमींची झळाळी नाहीं. तें जाडसर, मऊ, किंचित् केसाळ असतें, आणि मजुरी अधिक पडत असल्यामुळें महाग.

तंत्र मात्र नवें नव्हे. बंगालांत मालदा-मुर्शिदाबादकडे बियाण्यासाठीं ठेवलेल्या कोषांतून पाखरें गेल्यावर उरणारे फुटके कोष कांतून मटका नांवाचें रेशीम पूर्वापार होत आलें आहे. हें वाचल्यावर आम्हीं आमचा मुकटा भिंगाखालीं धरला. धागा कोठें जाड, कोठें बारीक, मध्येंच पीळ, मध्येंच गांठ. ओढलेला खास नव्हे, कांतलेला. आजोबांच्या सोवळ्यांत फुटके कोष होते, असें मानावयास जागा आहे. मात्र ह्याचें श्रेय त्यांच्या भूतदयेला नव्हे, त्यांच्या खिशाला. कांतलेलें रेशीम तेव्हां स्वस्त होतें.

इतक्यावर समाधान मानून आम्ही थांबलों असतों. पण बियाण्याच्या त्या कोठारांत एक गोष्ट घडते ती सांगितली पाहिजे. गेल्या शतकाआधींच्या शतकांत पेब्रिन नांवाच्या रोगानें फ्रान्सचा रेशीमधंदा बुडावयास आला, तेव्हां १८६५ पासून लुई पाश्चरनें त्याचा छडा लावला, आणि १८७० सालीं आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. रोग आईकडून अंड्यांत उतरतो. म्हणून मादीनें अंडीं घातल्यावर तिला खलून सूक्ष्मदर्शकाखालीं तपासावें. तिच्यांत रोगाचे कण दिसले तर तिचीं अंडीं नष्ट करावीं. सगळ्या जगांतला रेशीमधंदा आज ह्या तपासणीवर उभा आहे. म्हणजे ज्या कोषांतून पाखरूं जिवंत निघालें त्या कोषाचें रेशीमहि रक्ताचा डाग नसलेलें असतेंच असें नाहीं.

आणि पाखरें सोडलीं तरी तीं जातात कोठें? पाळीव रेशीमपाखराला उडतां येत नाहीं. त्याला खाणारें तोंडच नाहीं. जोडा जमवून, अंडीं घालून तें थोड्याच दिवसांत मरतें. एका साडीच्या दोन हजार पाखरांत हजार माद्या धरल्या, आणि प्रत्येकीचीं चारशें अंडीं, तर चार लाख अळ्या झाल्या. त्यांना तुती कोण घालणार? नर-मादी वेगळे ठेवले तर हा प्रश्न टळतो, पण तेवढी दक्षता प्रत्येक शेडमध्यें घेतली जाईल अशी खात्री कोणी द्यावी? पुण्याची 'ब्यूटी विदाउट क्रुएल्टी' ही १९७४ पासूनची संस्था रेशीम मुळींच वापरूं नये असें सांगत आली आहे, तिच्या म्हणण्यांतलें तर्कशुद्ध बळ येथें दिसतें. दाओश्वानाचीच ही वाट. आम्ही स्वतः तेथवर जात नाहीं. ज्याला पूर्ण निर्दोष वस्त्र हवें त्यानें सुती नेसावें, हें खरें. परंतु दोन हजार जीवांना चार-सहा दिवसांचें पाखराचें आयुष्य मिळणें आणि न मिळणें ह्यांत कांहींच अंतर नाहीं, असें आमच्यानें म्हणवत नाहीं.

दुसरे मार्गहि आहेत. आसामांतलें एरी रेशीम एरंडाच्या पानांवर होतें, आणि एरी हें नांवहि एरंडावरूनच पडलेलें आहे. ह्या किड्याचा कोष एका बाजूनें मुळांतच उघडा असतो. तंतु सलग नसतोच, कांतावाच लागतो. त्यामुळें किडा मारण्यानें सुताचा कांहीं लाभ होत नाहीं, आणि पाखरूं गेल्यावर कोष कामाला येतो. (आसामांत पुष्कळ ठिकाणीं आंतला किडा आवडीनें खातात, तो भाग निराळा.) ऊब चांगली, टिकाऊपणा चांगला. गुऱ्हाळांच्या ह्या मुलखांत 'एरंडाचें गुऱ्हाळ' हा शब्द थट्टेचा आहे. पण कोरडवाहू जमिनींत एरंड विनासायास येतो, हें थट्टा करणाऱ्यांनाहि ठाऊक आहे. राहिलें कृत्रिम रेशीम. त्यांत किडा मरत नाहीं एवढ्यानें पुष्कळांचें समाधान होतें. पण लांकडाच्या लगद्यापासून केलेल्या रेयॉनला कार्बन डायसल्फाइड लागतो, आणि त्याच्या वाफेनें कामगारांच्या मज्जातंतूंची काय दशा होते हें शंभर वर्षांहून अधिक काळ वैद्यांना ठाऊक आहे. पॉलिएस्टर तर खनिज तेलाचें. किड्याच्या जागीं माणूस व नदी घालून मिळणारी अहिंसा आम्हांला उमजत नाहीं.

उलट तुतीच्या पक्षानें एक गोष्ट सांगावीशी वाटते. पाटलांच्या शिवारांत तुतीला उसाच्या मानानें पाणी फार थोडें लागतें. आणि तुतीवर कीटकनाशक फवारतां येत नाहीं. फवारलें तर पहिली मरते ती आपलीच अळी. शेजारच्या शेतांत तंबाखू असली तरी धोका, म्हणून कागल-निपाणीकडच्या तंबाखूच्या पट्ट्यांत हा धंदा जपून करावा लागतो. ज्या शेतांत तुती आहे त्या शेताला विष न वापरण्याची सक्ति किड्यानेंच केलेली असते. राजर्षि शाहू महाराजांनीं पन्हाळ्यावर चहा-कॉफीचे मळे लावून पाहिले होते. नवें पीक आणून पाहण्याची हौस ह्या डोंगराला नवी नाहीं.

जेवणें झाल्यावर आम्हीं हें सगळें, म्हणजे हैदराबादचें, बंगालचें, आसामचें, पाटलांना सांगितलें. ते माळकरी, आमच्यापेक्षां हा विषय त्यांना जवळचा. थोडा वेळ ते गप्प बसले. मग आम्हांला पुन्हा शेडमध्यें घेऊन गेले. एका बाजूला आधींच्या बॅचचे कोष चंद्रिकेवर तयार होते. त्यांतला एक उचलून त्यांनीं ब्लेडनें त्याचें टोक हलकेंच कापलें आणि तळहातावर उपडा केला. एक तपकिरी, मऊ, करंगळीच्या पेराएवढा जीव बाहेर पडला आणि शेपटीकडून वळवळला. दुसऱ्या हातांत त्यांनीं रिकामी साल धरली. फुंकरीनें उडेल अशी.

"सायेब, बाजारात कोष वजनावर जातो. हे वजन ह्येचं हाय," ते तळहात पुढें करून म्हणाले, "आन् ह्ये रेशीम." खरेंच होतें. ओल्या कोषाच्या वजनांत साल जेमतेम पांचवा हिस्सा. बाकीचें सारें वजन त्या जिवाचें. "पाखरू सोडलं, तर शंभर किलोचं माझं ईस किलो ऱ्हातंय. तुमचा हैदराबादवाला पाचपट दर देतोय का इचारा. देत असंल, तर पुढची बॅच मी पाखरांची करतो. मलाबी ह्ये बघवत न्हाई."

आम्हीं विचारतों म्हणून सांगितलें. तो उघडा जीव पाटलांनीं कापसाच्या बोळ्यांत घालून घरांतल्या देवळींत, पांडुरंगाच्या तसबिरीशेजारीं, ठेवून दिला. नऊ-दहा दिवसांनीं त्यांचा फोन आला. कोषावांचूनहि पाखरूं झालें होतें, पांढरें स्वच्छ. सकाळपासून देवळींतच पंख फडफडवीत बसलें होतें. "पर उडत न्हाई हो," पाटील म्हणाले.